प्रॅक्टिसला शिट्ट्या नसतात

'फॉरेनला खेळलायस? सही! मग मँचेस्टर की बार्सिलोना?'

दर दोन महिन्यांनी हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हिरवंगार लॉन, ऐंशी हजार प्रेक्षक आणि पार्किंगमध्ये लाल स्पोर्ट्स कार असते. मग मी खरं उत्तर देतो. जर्मनी, रूरचं खोरं, चौथ्या पातळीवरची लीग. प्रेक्षक? चांगल्या दिवशी चारशे, त्यातले निम्मे प्लेयर्सचे नातेवाईक, शिवाय त्यांची कुत्री. कार? छे हो, ट्राम! समोरच्याचा चेहरा पडतो आणि गप्पा आयपीएलवर येतात.

पण बॉस, त्या तीन वर्षांत मला जे मिळालं, ते लाल कारपेक्षा जास्त टिकलं. प्रॅक्टिस कशी करायची हे मी तिथे शिकलो. तुम्ही म्हणाल, प्रोफेशनल प्लेयरला हे वेगळं शिकावं लागतं? लागतं. आणि गिटारच्या क्लासला जाणाऱ्याला, नवी भाषा शिकणाऱ्याला, महिन्यातून एकदा क्लायंटपुढे प्रेझेंटेशन देताना घाम फुटणाऱ्यालाही लागतं. म्हणून हा लेखप्रपंच.

पेठेतला हीरो

मी मूळचा कोल्हापूरचा. एवढं सांगितलं की लोकांना कुस्ती, मिसळ आणि तांबडा-पांढरा आठवतो. फुटबॉल कुणालाच आठवत नाही. खरं तर आमच्याकडे पेठेपेठेत फुटबॉल आहे, आणि गंमत म्हणजे कितीतरी टीम्सची नावं तालमींची आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम... शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच असली की पोरं दुपारपासूनच गायब. हजारो लोक, शिट्ट्या, हलगी. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-सेव्हन्टीन वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला आश्चर्य वाटलं. आम्हाला नाही.

आमची प्रॅक्टिस म्हणजे दोन टीम पाडायच्या, चपला ठेवून गोल करायचे आणि बॉल दिसेनासा होईपर्यंत खेळायचं. त्यातून जिगर आली, ड्रिबलिंग आलं. ग्राउंड इतकं खडबडीत की बॉल कुठे उडेल याचा नेम नाही, त्यामुळे तो छातीवर, मांडीवर, पोटावर कुठेही घ्यायची कला आली. डावा पाय वापर, असं मात्र कधी कुणी सांगितलं नाही. उजवा असताना डाव्याची गरजच काय?

विसाव्या वर्षी मुंबईत आलो. एका सरकारी कंपनीच्या टीममध्ये स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली. त्या काळी मुंबईत फुटबॉलर व्हायचं म्हणजे बँक, रेल्वे, पोलीस किंवा अशी एखादी कंपनी गाठायची. सकाळी ग्राउंड, दुपारी ऑफिसात सही, सीझनमध्ये कूपरेजवर मॅचेस. पगार चालू, पेन्शन पक्की, स्थळं यायला सुरुवात. सेटल होणं म्हणतात ते हेच.

२००४ साली मी राजीनामा दिला. वय पंचवीस. मुंबईत खेळलेल्या एका जर्मन कोचने तिकडच्या एका क्लबशी गाठ घालून दिली होती. ट्रायलमध्ये निवड झाली, कागदपत्रांच्या भानगडीत आठ महिने गेले आणि एका सीझनचं कॉन्ट्रॅक्ट हातात आलं. पैसे मुंबईच्या पगारापेक्षा थोडेसेच जास्त. आईने दोन दिवस अबोला धरला. वडील जुने पैलवान. ते एवढंच म्हणाले, 'नोकरी परत मिळंल न मिळंल, गुडघं परत मिळायचं न्हाईत. जा.'

आधी गेलेले

बाहेर खेळायला गेलेला मी काही पहिला नव्हे. १९३६ साली कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम थेट ग्लासगोच्या सेल्टिक क्लबात पोचला होता. बूट न घालता, पायांना बँडेज गुंडाळून तो दोन मॅचेस खेळला. तिकडच्या लोकांना वेड लावलं आणि घरची ओढ लागल्यावर परत आला. १९९९ मध्ये बायचुंग भुतिया इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला. पुढे सुनील छेत्री २०१० साली अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे आणि २०१२ मध्ये पोर्तुगालला स्पोर्टिंगच्या बी टीमकडे गेला. गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू २०१४ पासून तीन वर्षं नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात होता, आणि २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीतही खेळला.

ही मंडळी आपल्याकडची सुपरस्टार्स. तरी प्रत्येकाच्या वाट्याला तिकडे बेंच आला, घरची आठवण आली, शून्यापासून सुरुवात आली. त्यांच्यापुढे मी म्हणजे किस झाड की पत्ती!

राखेचं मैदान

रूर म्हणजे कोळशाच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्यांचा मुलूख. तिथली शेवटची कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. मी गेलो तेव्हा बऱ्याच खाणींना आधीच कुलूप लागलं होतं, पण त्यांच्याभोवती उभे राहिलेले क्लब जिवंत होते. आमच्या क्लबचं मॅचचं ग्राउंड हिरवळीचं, पण हिवाळ्यात प्रॅक्टिस असायची लाल राखेच्या मैदानावर. राखेचा आणि खड्याचा बारीक चुरा दाबून केलेलं. पहिल्याच दिवशी घसरलो, गुडघा सोलला आणि अगदी घरच्यासारखं वाटलं. कोल्हापूरच्या लाल मातीची चुलत बहीणच ती!

बाकी काहीच घरच्यासारखं नव्हतं. आमचा गोलकीपर इलेक्ट्रिशियन होता, लेफ्ट बॅक इन्शुरन्स विकायचा आणि कॅप्टन शाळेत गणित शिकवायचा. त्या पातळीवर नुसत्या फुटबॉलवर घर चालत नाही. दिवसभर काम करून मंडळी साडेसहाला ग्राउंडवर हजर, आठवड्यातून चार दिवस. दमलोय, ट्रॅफिक होतं, बॉसने थांबवलं... हे मी तिथे क्वचितच ऐकलं. दीड तास प्रॅक्टिस, पण त्यातलं एकही मिनिट टाइमपास नाही.

वॉर्म-अपनंतरचा पहिला खेळ ठरलेला. गोलात पाच जण, मध्ये दोघं. पाचांनी पास करत राहायचं, दोघांनी बॉल हिसकावायचा, ज्याच्याकडून गेला तो आत. मला वाटलं, हे तर आपण शाळेत खेळायचो. पहिला पास आला आणि बूट झणझणला. इतका जोरात! आपल्याकडे मित्राला प्रेमाने हळू पास द्यायची पद्धत. तिथे हळू पास दिला तर मित्र चिडतो, कारण बॉल पोचेपर्यंत अपोनंटही पोचतो. जोरात पास देणं म्हणजे समोरच्याला अर्धा सेकंद जास्त देणं. पण असा पास अंगावर आला की पहिला टच जमलाच पाहिजे, नाहीतर बॉल तीन फूट उडतो आणि तुम्ही मध्ये. पहिले दोन आठवडे मी बहुतेक वेळ मध्येच होतो.

मॅचमध्ये माझ्या ड्रिबलिंगचं कौतुक झालं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हाताऱ्याने क्लबहाऊसमध्ये बिअर पाजली. तिसऱ्या आठवड्यात मी बेंचवर. कोच शांत माणूस. मला बाजूला घेऊन मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, 'दोन माणसांना तू मस्त चकवतोस. पण तुझ्यापुढे दोन माणसं येतात कशी?'

मी रात्रभर त्या वाक्यावर चडफडत होतो. सकाळपर्यंत ते पटलं होतं.

मागे बघ रे!

थोडं गणित करू. मॅच नव्वद मिनिटांची, पण बॉल प्रत्यक्षात खेळात असतो साधारण तासभर. प्लेयर्स बावीस. म्हणजे सरासरी काढली तर एकाच्या वाट्याला बॉल येतो तीन मिनिटांहूनही कमी! आपण सगळी प्रॅक्टिस त्या तीन मिनिटांची करतो. उरलेल्या सत्याऐंशी मिनिटांचं काय?

जर्मन भाषेत एक शब्द आहे, 'शुल्टरब्लिक'. खांद्यावरून मागे टाकलेली नजर. तिकडे ड्रायव्हिंग टेस्टमध्ये लेन बदलताना नुसत्या आरशात बघून चालत नाही, मान वळवून खांद्यामागे बघावं लागतं. नाही बघितलं तर नापास व्हायची वेळ येते. (आपल्याकडे हा नियम लावला तर पुण्यातले किती टूव्हीलरवाले पास होतील, याचा विचारही करवत नाही.) फुटबॉलमध्ये कोच हाच शब्द वापरतात. बॉल तुमच्याकडे यायच्या आधी मान वळवून मागे बघायचं. कोण कुठे आहे, मोकळी जागा कुठे, अंगावर कोण येतंय. बॉल पायात आल्यावर बघायला लागलात तर उशीर झालेला असतो. तेव्हाच 'दोन माणसं पुढे येतात'.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. बॉल येत असताना त्याच्यावरून नजर हटवायची म्हणजे रस्ता क्रॉस करताना डोळे मिटण्यासारखं वाटतं. कोचने माझ्यासाठी एक सोपा खेळ काढला. समोरून एक जण पास देणार, कोच माझ्या मागे उभा राहून बोटं वर करणार. बॉल पायात यायच्या आत मागे बघून किती बोटं ते ओरडून सांगायचं आणि बॉलही नीट घ्यायचा. बोटं बरोबर सांगितली तर बॉल सुटायचा, बॉल धरला तर बोटं चुकायची. जर्मन भाषेतले एक ते पाच आकडे मात्र माझे पक्के झाले!

नंतर कळलं की यावर संशोधनही झालंय. नॉर्वेच्या गाइर यॉर्देट यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रीमियर लीगच्या ११८ प्लेयर्सचं व्हिडिओ चित्रण तपासलं. बॉल मिळायच्या आधी कोण किती वेळा इकडेतिकडे बघतं, हे मोजलं. २०१३ साली आलेल्या त्या अभ्यासात जास्त वेळा बघणाऱ्यांचे पास जास्त अचूक निघाले. फ्रँक लँपार्ड आणि स्टीव्हन जेरार्ड त्या यादीत अगदी वर होते. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे पळत असतो.

मला ते दिसलं ४ जुलै २००६ ला. वर्ल्ड कपची सेमीफायनल डॉर्टमुंडला, जर्मनी विरुद्ध इटली. तिकीट मिळणं शक्यच नव्हतं. आमची अख्खी टीम चौकात मोठ्या स्क्रीनसमोर. एक्स्ट्रा टाइमचं एकशे एकोणिसावं मिनिट, शून्य-शून्य. बॉक्सच्या तोंडाशी पिर्लोकडे बॉल आला. तो नुसता आडवा सरकत राहिला, बचाव करणारे त्याच्याकडे ओढले गेले, आणि त्याने भलतीकडे बघत ग्रोसोला पास दिला. गोल! दोनच मिनिटांत देल पिएरोने दुसरा मारला. चौकात रडारड. माझ्या डोक्यात मात्र एकच होतं. हा त्याने आधीच बघून ठेवला होता.

भिंतीशी मैत्री

दुसरा प्रॉब्लेम डाव्या पायाचा. त्यावर उपाय होता क्लबहाऊसच्या मागची भिंत. प्रॅक्टिसच्या आधी वीस मिनिटं मी एकटाच तिथे. डाव्या पायाने पास, परत आलेला बॉल डाव्याच पायाने थांबवायचा, पुन्हा पास. पेठेचा हीरो पंचविसाव्या वर्षी भिंतीशी खेळतोय! शेजारी आठ-दहा वर्षांची पोरं प्रॅक्टिस करायची. माझा बॉल तिरका जाऊन त्यांच्यात घुसला की ती खिदळायची आणि मला तो परत द्यायची. डाव्या पायाने!

त्या हिवाळ्यात साडेचारलाच अंधार. खोलीत हीटर, भात आणि आईने दिलेली चटणी. दर रविवारी फोनकार्ड घासून घरी फोन. वडील विचारायचे, 'खेळलास काय?' मी म्हणायचो, 'नाही, बेंचवर.' सलग सहा-सात रविवार हेच. एकदा माझा आवाज जरा बसलेला असावा. तिकडून वडील म्हणाले, 'आरं, जोर मारताना कोण शिट्ट्या मारतंय व्हय? मारायचं असत्यात जोर. शिट्ट्या फडात.'

फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो. आमच्या तालमीत खाली आखाडा होता. पहाटे चारला उठून पैलवान जोर-बैठका काढायचे. वस्ताद एकच डाव, घिस्सा म्हणा, ढाक म्हणा, महिनाभर घोटून घ्यायचे. आधी सावकाश, मग वेगात, मग तुमच्याहून वजनदार गड्याबरोबर. अंगात मुरला की पुढचा. त्याच तालमीच्या नावाने आम्ही फुटबॉल खेळायचो, पण ही रीत आखाड्यातून ग्राउंडवर कधी चढलीच नव्हती. जर्मन कोच माझ्याकडून जे करून घेत होता, ते आमचे वस्ताद पिढ्यान्पिढ्या करत आलेत. फरक इतकाच की त्याच्या हातात मातीऐवजी शिट्टी होती.

फेब्रुवारी २००५. हिवाळ्याची सुट्टी संपली आणि दुसऱ्या मॅचला मी उतरलो. एक क्षण लख्ख आठवतो. पाठ गोलकडे, पास माझ्याकडे येतोय. मान वळवली. डावीकडे जागा, उजवीकडून त्यांचा सहा नंबर धावत येतोय. अंग तिरकं केलं, डाव्या पायाने बॉल घेतला, वळलो, पुढे साधा पास दिला. सहा नंबर रिकाम्या जागेवर येऊन थांबला. बस, एवढंच. कुणाला चकवलं नाही, गोल झाला नाही. एकही टाळी नाही. बेंचजवळ उभ्या असलेल्या कोचने फक्त अंगठा वर केला.

कोल्हापुरात मी मारलेल्या कित्येक गोलांपेक्षा मला तो पास जवळचा आहे.

दहा हजार तासांचा घोळ

२००७ मध्ये परत आलो. दोन सीझन मुंबईत खेळलो आणि २००९ साली वडील म्हणाले होते तेच झालं. गुडघं परत मिळालं नाही. तिसाव्या वर्षी पहिल्यांदा बायोडेटा लिहिला. आता पुण्यात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरी करतो. पेन्शनवाली नोकरी सोडल्याबद्दल नातेवाईक अजून अधूनमधून हळहळतात. मी चहा ओततो.

शनिवार-रविवारी पोरांना शिकवतो, आणि बुधवारी रात्री नऊला टर्फवर आयटीवाल्यांचा एक ग्रुप येतो. त्यांना पहिल्याच दिवशी रोनाल्डोचा स्टेपओव्हर हवा असतो. मी त्यांना भिंत दाखवतो. चेहरे बघण्यासारखे होतात.

त्यांतलाच एक जण म्हणाला, 'सर, आम्हाला कुठले दहा हजार तास मिळणार?' तो आकडा माल्कम ग्लॅडवेलच्या २००८ च्या पुस्तकामुळे गाजला. त्यामागचा अभ्यास १९९३ चा, अँडर्स एरिक्सन यांचा, बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवर केलेला. एरिक्सन पुढे सांगत राहिले की आकड्यात जादू नाही. नुसते तास मोजून काही होत नाही. जे जमत नाही तेच निवडून, लक्ष देऊन, चूक लगेच कळेल अशा रीतीने केलं तरच ती प्रॅक्टिस. वीस वर्षं रोज गाडी चालवणारा माणूस काही रेसिंग ड्रायव्हर होत नाही, तसंच.

आणि चूक लगेच कळायला महागडी मशिनरी लागते असंही नाही. डॉर्टमुंडने २०१२ च्या सुमारास 'फुटबोनॉट' नावाचा पिंजरा बसवला. चौदा मीटर लांब, चौदा मीटर रुंद. कुठूनही बॉल सुटतो, दिवा लागेल त्या चौकटीत तो मारायचा. अशा चौसष्ट चौकटी. भन्नाट प्रकार! पण नीट बघितलं तर ती शेवटी भिंतच, फक्त चारी बाजूंनी आणि दिव्यांची. तुमचं प्रेझेंटेशन मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलंत तर तीही भिंतच. बॉल जसा मारला तसाच परत येतो, लाज न बाळगता.

म्हणून ऑफिसवाल्यांना माझं सांगणं सोपं असतं. एक गोष्ट निवडा. जी जमते ती नको, जी टाळता ती. रोज पंधरा मिनिटं. सुरुवातीला सावकाश, जमायला लागलं की घाईत, मग कुणीतरी अंगावर येत असताना. आणि हो, कुणी बघायला येईल ही आशा सोडा.

गेल्या महिन्यात आमच्या अकरा वर्षांखालच्या पोरांची मॅच होती. टीममध्ये एक मुलगी आहे, गेले चार महिने 'किती बोटं?' हा खेळ खेळून कंटाळलेली. बॉल तिच्याकडे येत होता. तिने मान वळवली, मागे बघितलं, वळली आणि मोकळ्या पोराला पास दिला. अगदी साधा पास. तिचे आईबाबा मोबाइलमध्ये होते, बाकीचे पालक गोल कधी होतोय याची वाट बघत होते.

तिने माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर केला.